विचारायचं कधी आणि थांबवायचं कुणी?

ऑक्टोबर 2002 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात औषधांच्या आणि तपासण्यांच्या ऑर्डर कागदावर लिहिणं बंद झालं आणि त्या संगणकावर नोंदवायला सुरुवात झाली. हेतू चांगला होता. अक्षर न लागल्यामुळे होणाऱ्या चुका, मात्रेतली गफलत, दोन औषधांचं एकमेकांशी न जमणं, हे सगळं संगणकानं वेळीच पकडायचं होतं. 2005 साली तिथल्याच डॉक्टरांनी आपले आकडे छापले. दुसऱ्या रुग्णालयांतून तातडीनं आणलेल्या अत्यवस्थ मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण नव्या पद्धतीआधीच्या 13 महिन्यांत 2.80 टक्के होतं. नंतरच्या 5 महिन्यांत ते 6.57 टक्के झालं होतं.

कारणं वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, कारण ती फार साधी आहेत. पूर्वी मूल वाटेत असतानाच सोबतच्या पथकाचा निरोप यायचा आणि इकडे औषधांची, तपासण्यांची तयारी सुरू व्हायची. नव्या प्रणालीत मूल प्रत्यक्ष पोचून त्याची नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डर घालताच येत नव्हती. कागदावर जी ऑर्डर काही सेकंदांत खरडता यायची, तिला क्लिक करत करत मिनिट-दोन मिनिटं लागू लागली. खाटेपाशी असणारी माणसं संगणकापाशी अडकली. त्याच सुमारास अतिदक्षता विभागातली औषधं मध्यवर्ती फार्मसीत हलवली गेली होती, म्हणून सगळा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारता येत नाही. आणि आधी-नंतरच्या तुलनेवरून कारण सिद्ध झालं असंही म्हणता येत नाही. पण सिॲटलच्या मुलांच्या रुग्णालयानं त्याच कंपनीची प्रणाली आपल्या अतिदक्षता विभागात आणली आणि 2006 साली आपले आकडे मांडले, तेव्हा तिथे मृत्यूदर वाढलेला नव्हता. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या लोकांना रचनेपासूनच कामात घेतलं होतं, आणि नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे संच आधीच तयार करून ठेवले होते.

आरोग्यासाठी ॲप, पोर्टल, डॅशबोर्ड किंवा अल्गोरिदम बनवणाऱ्या प्रत्येकानं या दोन रुग्णालयांची हकिगत शेजारी शेजारी ठेवून वाचावी असं मला मनापासून वाटतं. मूल पोचण्याआधीच त्याच्यावरच्या उपचारांची तयारी सुरू होते, ही गोष्ट रात्रपाळीच्या नर्सला विचारली असती तर तिनं एका वाक्यात सांगितली असती. नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनानंही सांगितली असती. पण कामाचा असा भाग कुठल्याही कार्यपद्धतीच्या तक्त्यात सापडत नाही. तक्त्यात काम जसं व्हायला हवं तसं लिहिलेलं असतं. ते जसं होतं, तसं फक्त करणाऱ्यांना ठाऊक असतं. आजाराचंही तसंच. तपासणीच्या खोलीतली दहा मिनिटं डॉक्टरांना दिसतात, उरलेले दिवस रुग्ण आणि त्याच्या घरचे काढतात. साधन मात्र त्या उरलेल्या दिवसांत वापरलं जाणार असतं.

रुग्णांना आणि आरोग्यसेवकांना सहभागी करून घ्यायला हवं, यावर आता उघडपणे कुणी वाद घालत नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या अर्जात तसा एक परिच्छेद असतोच. माझा आक्षेप त्या परिच्छेदानंतर जे घडतं त्याला आहे. प्रश्न कोणता सोडवायचा ते ठरलेलं असतं, निधी मंजूर झालेला असतो, अर्धंअधिक सॉफ्टवेअर लिहून झालेलं असतं, आणि मग काही रुग्णांना, दोन-तीन नर्सना बोलावून पडदा दाखवतात. बटण सापडतंय का? अक्षरं वाचता येतात का? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अशा बैठकीत कुणी म्हणालं की ‘मला हे विचारायलाच नको होतं, माझी अडचण वेगळीच आहे’, तर ते लिहून घ्यायला फॉर्मात रकानाच नसतो. सहभाग खरा की नावापुरता, हे ओळखायच्या माझ्या दोन खुणा आहेत: या माणसांना प्रश्न बदलता येत होता का, आणि गरज पडली तर काम थांबवता येत होतं का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ती सहरचना, म्हणजे वापरणाऱ्यांच्या सोबतीनं साधन घडवणं, नव्हे; ती चाचणी. चाचणीही हवीच, पण तिला दुसऱ्या कशाचं नाव देऊ नये.

प्रश्नच बदलल्यानं काय होतं याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण सॉफ्टवेअरमधलं नाही, संधिवातातलं आहे. संधिवाताच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये काय मोजायचं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट आहे. सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्तातले दाहाचे निर्देशक, वेदना, हालचाल अशी यादी तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं घासून तयार केली होती. 2002 च्या परिषदेत पहिल्यांदाच रुग्णांना बरोबरीनं चर्चेला बसवलं. त्यांनी सांगितलं की आम्हाला सगळ्यात जास्त नकोसा होतो तो थकवा. झोप काढून न जाणारा, सगळा दिवस गिळून टाकणारा. यादीत थकवा नव्हताच. पुढच्या काही वर्षांत तो मोजण्याच्या पद्धती तपासल्या गेल्या आणि चाचण्यांमध्ये थकव्याची नोंद व्हायला हवी अशी शिफारस झाली. तज्ज्ञ निष्काळजी होते असं नाही. त्यांनी जे हाताला लागतं, डोळ्याला दिसतं आणि रक्तात सापडतं ते नीट मोजलं होतं. थकवा यांपैकी कशातच नव्हता. आता कल्पना करा की 2002 च्या आधीची ती यादी घेऊन कुणी एक देखणं ॲप बनवलं असतं आणि रुग्णांकडून तपासून घेतलं असतं. बटणं सगळ्यांना सापडली असती.

मधुमेहाच्या बाबतीत रुग्ण बोलावण्याची वाटसुद्धा पाहत बसले नाहीत. टाइप 1 मधुमेह असलेल्या माणसाची साखर रात्री झोपेत धोकादायक खाली जाऊ शकते. त्वचेखालचा सेन्सर ती मोजत असतो, धोक्याची घंटाही वाजवतो. अमेरिकेतल्या डेना लुईस यांना त्या घंटेनं जागच येत नसे आणि उपकरणात आवाज वाढवायची सोय नव्हती. 2013 च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपकरणातली माहिती बाहेर काढून स्वतःची मोठी घंटा बनवली. तिथून पुढे साखरेचा अंदाज घेऊन पंपातून इन्सुलिन कमी-जास्त करणारी प्रणाली उभी राहिली आणि 2015 मध्ये तिचा आराखडा सर्वांसाठी खुला झाला. त्याच काळात लहान मुलांच्या पालकांनी शाळेतल्या मुलाची साखर कामाच्या ठिकाणी बसून दिसावी म्हणून नाइटस्काउट नावाची व्यवस्था उभारली. ‘आम्ही थांबणार नाही’ अशी या सगळ्यांची घोषणा होती. 2022 साली न्यूझीलंडमधल्या 97 जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. खुल्या अल्गोरिदमवर चालणारी प्रणाली वापरणाऱ्यांची साखर, साधा पंप आणि सेन्सर वापरणाऱ्यांच्या तुलनेत, दिवसातले 3 तास 21 मिनिटं अधिक योग्य मर्यादेत राहिली होती. जानेवारी 2023 मध्ये याच चळवळीतून निघालेल्या टाइडपूल लूप या ॲपला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

ही गोष्ट रुग्णांच्या विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. पण तिच्यातलं नुकसानही पाहायला हवं. घंटेचा आवाज कमी आहे हे उपकरण बनतानाच कुणी विचारलं असतं तर इतक्या लोकांना स्वतःच्या जिवाची जोखीम घेऊन, कोणत्याही मान्यतेशिवाय, तारा जोडत बसावं लागलं नसतं. शिवाय ज्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, त्यांच्यापर्यंत हे पोचायला जवळजवळ दहा वर्षं गेली. आणि पोचलं ते संशोधक, डॉक्टर आणि नियामक यांनी त्यात आपलं काम केल्यावरच. एकट्या रुग्णांनी केलेलं साधन काहींच्या उपयोगी पडतं. सगळ्यांच्या उपयोगी पडायला दोन्ही बाजू लागतात.

दोन्ही बाजू, आणि त्याही एकाच बैठकीत. पुष्कळ प्रकल्पांमध्ये रुग्णांची बैठक वेगळी होते, डॉक्टर-नर्सची वेगळी, आणि दोन्हींच्या मागण्या एका यादीत चिकटवल्या जातात. यातून जी साधनं निघतात ती एकाची सोय दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतात. घरून रक्तदाब, ऑक्सिजन, वजन पाठवण्याच्या ॲपचं उदाहरण घ्या. रुग्णांना विचारलं तर ते म्हणणार, आम्हाला केव्हाही माहिती पाठवता यावी, आणि काही बिघडलं तर लगेच कळावं. अगदी रास्त मागणी. नर्सना विचारलं तर त्या म्हणणार, आम्हाला कामाच्या वेळात, नीट लावलेली माहिती हवी. हीदेखील रास्त. दोन्ही पुरवल्या की काय होतं? हृदयविकाराचा रुग्ण शनिवारी रात्री दोन वाजता वाढलेलं वजन भरतो, पडद्यावर ‘माहिती पोचली’ अशी हिरवी खूण उमटते, तो निश्चिंत होऊन झोपतो. आणि ती माहिती सोमवारी सकाळी कुणीतरी उघडेपर्यंत तशीच पडून राहते. पडद्यावर कुठलीच चूक नाही. चूक आहे ती त्या हिरव्या खुणेचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला यात. समोरासमोर बसले असते तर रुग्णानं पहिल्या तासातच विचारलं असतं, ‘पण रात्री हे बघतं कोण?’ आणि नर्सनं सांगितलं असतं, ‘कुणीच नाही.’ मग एक तर रात्री बघणारा माणूस नेमावा लागला असता, किंवा पडद्यावर स्पष्ट लिहावं लागलं असतं की ही माहिती सोमवारी पाहिली जाईल, त्रास वाढला तर तातडीच्या सेवेला फोन करा. दोन्ही उत्तरं मला मान्य आहेत. हिरवी खूण मान्य नाही.

जोनाथन ग्रूडिन या संगणकशास्त्रज्ञांनी 1988 मध्येच दाखवून दिलं होतं की गटानं वापरायची सॉफ्टवेअर अनेकदा फसतात, कारण फायदा एकाला होतो आणि जास्तीचं काम दुसऱ्याला करावं लागतं. आरोग्यसेवेत हे रोज दिसतं. चार शाखांच्या 57 अमेरिकी डॉक्टरांचं निरीक्षण करून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दवाखान्यातला 27 टक्के वेळ प्रत्यक्ष रुग्णांसाठी आणि 49 टक्के वेळ संगणकीय नोंदी व टेबलावरच्या कामासाठी जात असल्याचं आढळलं. त्या नोंदींचा फायदा बिल करणाऱ्याला होतो, तपासनिसाला होतो, संशोधकाला होतो. भरणाऱ्याला सर्वांत कमी. औषधांविषयीच्या संगणकीय इशाऱ्यांचा 2006 साली आढावा घेतला गेला, तेव्हा वेगवेगळ्या अभ्यासांत डॉक्टर 49 ते 96 टक्के इशारे बाजूला सारत असल्याचं दिसलं. क्षुल्लक गोष्टींसाठी इतक्या वेळा वाजलेली घंटा खरी वाजते तेव्हाही ऐकू येत नाही. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सिनाई या नावाजलेल्या रुग्णालयात तर शेकडो डॉक्टरांनी बंड केल्यावर नवी कोरी ऑर्डर प्रणाली 2003 च्या सुरुवातीला काही महिन्यांतच बाजूला ठेवावी लागली. बंड हासुद्धा एक प्रकारे सहभागच, फक्त सगळा पैसा खर्च झाल्यानंतरचा.

उलट, दोन्ही टोकं जुळली तर काय होतं? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात केमोथेरपी घेणाऱ्या, कर्करोग शरीरात पसरलेल्या 766 रुग्णांवर चाचणी झाली. एका गटातले रुग्ण मळमळ, वेदना, धाप, थकवा अशी 12 लक्षणं संगणकावर स्वतः नोंदवत, आणि लक्षण तीव्र झालं किंवा वाढलं की नर्सला ईमेल जाई. दुसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा. 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षांत पहिल्या गटाचा जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) 31.2 महिने होता, दुसऱ्याचा 26 महिने. नंतर अनेक केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीत आयुष्यमानात असा फरक दिसला नाही, लक्षणांवरचा ताबा आणि जीवनमान मात्र सुधारलं. त्यामुळे पहिल्या आकड्याचा डंका पिटण्यात अर्थ नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: न्यूयॉर्कमध्ये इशारा आल्यावर चारपैकी तीनहून अधिक वेळा नर्सनी काहीतरी प्रत्यक्ष केलं, फोनवर सल्ला दिला, औषध बदलून घेतलं, तपासणीला पाठवलं. नोंद करणारा आणि ती वाचणारा, दोघांचंही काम आधीच ठरलेलं होतं. सॉफ्टवेअर म्हणाल तर प्रश्नावली आणि ईमेल, एवढंच.

या विचाराचं मूळ रुग्णालयात नाही, कारखान्यात आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेनं क्रिस्टेन नीगार्ड या संगणकशास्त्रज्ञांबरोबर काम केलं. कारखान्यात संगणक येणार होते, आणि त्यांचं काय करायचं हे कामगारांना स्वतः समजून घ्यायचं होतं. पुढे 1977 च्या नॉर्वेच्या कायद्यानं कामाच्या पद्धतींच्या आखणीत सहभागी होण्याचा हक्क कामगारांना दिला. अधिक सोपा पडदा मिळावा म्हणून ही धडपड नव्हती. आपल्या कामावर कोणाचा ताबा राहणार, हा तिचा प्रश्न होता. आज सहरचनेच्या कार्यशाळांमध्ये रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या जातात, आणि ताब्याचा हा प्रश्न तेवढा खोलीबाहेर राहतो. शेरी आर्नस्टीन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मत विचारणं तिच्यात मधल्या पायरीवर येतं, कारण विचारलेलं मत मानलंच जाईल याची कसलीही हमी त्यात नसते. आरोग्याची बहुतेक डिजिटल साधनं त्या पायरीच्या वर चढलेली नाहीत.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतले काही खरे आहेत. सहरचनेनं रुग्णांची तब्येत अधिक सुधारते, याचा भक्कम पुरावा आजही थोडाच आहे. बरेच अभ्यास सहभागी लोक समाधानी होते यापाशी थांबतात. हे मान्य करूनच मी तिची बाजू घेतो, कारण पिट्सबर्गसारखे अपघात कुठून उगवतात हे आपल्याला कळलं आहे, आणि ते ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना न विचारण्याचं कारण पुराव्याच्या अभावातून निघत नाही. वेळ लागतो, हेही खरं. तो वेळ चुकत नाही. आधी द्या किंवा नंतर दुरुस्तीत द्या.

मला खरोखर छळतो तो तिसरा आक्षेप. बैठकीला येतं कोण? ज्याला सुट्टी मिळते, ज्याला चार लोकांत बोलता येतं, ज्याचा आजार त्या दिवशी त्याला उठू देतो. ज्याच्यासाठी साधन सगळ्यात गरजेचं आहे, तो बहुधा खाटेवरच असतो. आणि न आलेल्यांची किंमत मोठी असते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या अल्गोरिदमचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णाला जास्तीची देखभाल लागेल हे तो ठरवत असे, आणि गरजेचं माप म्हणून त्यानं उपचारांवर होणारा खर्च धरला होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर तेवढ्याच आजारासाठी कमी खर्च होत आलेला, म्हणून यंत्राच्या लेखी ते कमी आजारी ठरले. हे दुरुस्त केलं तर जास्तीच्या देखभालीसाठी निवडलेल्यांत त्यांचं प्रमाण 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. उपचार न मिळाल्यामुळे ज्यांचा खर्च कमी आहे अशी माणसं खर्चाला गरज समजण्याच्या त्या बैठकीत असती, तर त्यांनी ते खपवून घेतलं असतं असं मला वाटत नाही. म्हणून या आक्षेपाचं उत्तर सहभाग सोडून देणं हे नव्हे. बैठक उठवून खाटेपाशी, घरी, रात्रपाळीत न्यावी लागते. बोलू न शकणाऱ्याच्या बाजूनं त्याची काळजी वाहणाऱ्याला बोलवावं लागतं. आणि कोण आलं नाही हे लिहून ठेवावं लागतं.

यातलं काहीच सद्भावनेवर सोडू नये, करारात लिहावं. कोणता प्रश्न सोडवायचा हे ठरण्याआधी रुग्ण आणि प्रत्यक्ष काम करणारे लोक बसले होते की नाही, याची नोंद हवी. रुग्णाला त्याच्या वेळेचा मोबदला मिळावा. त्या टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांना तो मिळतच असतो. नर्स बैठकीला आली तर तिच्या पाळीत दुसरी माणूस नेमावी, नाहीतर तिचं काम तिच्याच सहकाऱ्यांवर पडतं आणि पुढच्या वेळी ती येत नाही. त्यांनी सुचवलेलं काय स्वीकारलं आणि काय नाकारलं, हे कारणांसह त्यांना परत कळवावं, आणि खरेदी करणाऱ्यालाही ते पाहता यावं. साधन वापरात आल्यावर हीच माणसं ठरावीक काळानं पुन्हा बसावीत, कारण पहिल्या महिन्यातल्या तक्रारी आणि सहाव्या महिन्यातल्या पळवाटा वेगळ्या असतात. सहाव्या महिन्यापर्यंत लोक तक्रार करणं सोडून चिठ्ठीवर पासवर्ड लिहायला आणि भलत्याच रकान्यात खरी माहिती भरायला शिकलेले असतात. आणि रुग्णाला धोका दिसला तर साधन तात्पुरतं थांबवण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाला आहे, कुणाला फोन केल्यावर ते किती तासांत थांबेल, हे पहिल्या दिवशी ठरलेलं असावं. करार वाचताना मी सर्वात आधी हे कलम शोधेन.